लंबकमास्तरांच्या चुका

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिंकायला बंदी होती. लंबकमास्तर तिथे नाशकाचे गुरुत्वाकर्षण मोजत, आणि शिंकेने लंबक बिघडतो असे त्यांचे म्हणणे होते. मी तेव्हा, १९३० नंतरच्या त्या वर्षांत, त्यांचा सहायक शिक्षक होतो.

जग त्यांना चुकांच्या कारणांनी भरलेले दिसे. रामकुंडाकडे जाणारा टांगा म्हणजे हादरा, दुपारचे ऊन म्हणजे लांबलेली पितळी दांडी. हेडमास्तर दारात दिसले की म्हणत, "साहेब, बाहेरूनच बोला. तुम्ही आलात की फरशी दबते."

"पुस्तकात ९८१ हा आकडा दिलाय की. मग मोजायचं कशाला?" हेडमास्तरांनी एकदा दारातूनच विचारले.

"पुस्तक नाशकात लिहिलेलं नाही."

यावर शिक्षकांच्या खोलीत आम्ही पोट धरून हसलो होतो. निवृत्तीपूर्वी नाशकाचा खरा आकडा काढायचा, एवढीच त्या माणसाची हौस होती.

रविवारी मास्तर घड्याळ धरत, मी आंदोलने मोजत असे. तासाला सुमारे अठराशे. एका रविवारी मला दिंडोरीच्या स्थळाचे विचार सुचू लागले आणि मोजणी हुकली. सांगायची लाज वाटली. पुस्तकाप्रमाणे किती भरायला हवीत हे मला पाठ होते; तेच सांगितले. पुढच्या रविवारी आधीच्याशी जुळावे म्हणून पुन्हा तेच.

मास्तरांचे उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळले. हेडमास्तरांनी सभा भरवून त्यांचा शाल-नारळाने सत्कार केला. मास्तर नारळ घेऊन सुतकी चेहऱ्याने व्यासपीठावरून उतरले आणि मला म्हणाले,

"अहो, ९८१ विलायतेचं. आपण विषुववृत्ताजवळ, शिवाय उंचावर. इथे तीनेक कमीच भरायला हवं. कुठेतरी मोठी चूक आहे."

ती शोधण्यात त्यांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षे गेली. त्यांनी भिंतीतली खुंटी उपटली, लंबकाभोवती चादरी बांधल्या, घड्याळ तीनदा उघडले. निरोपाच्या दिवशी मी धीर करून म्हटले, "मास्तर, माझीच मोजणी चुकली असेल."

"छे. माणसावर ढकलून मोकळं होणं सोपं असतं," असे म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली. तीत चुकांची सतरा संभाव्य कारणे होती. मी नव्हतो. वर्षभरात ते गेले.

परवा त्यांचाच लंबक टांगून, एकेक आंदोलन बोटावर धरून मी मोजले. ९७८ आले. आकडा त्यांच्या वहीत लिहिला. मोजणाऱ्याच्या रकान्यात सही करायला मात्र अजून हात धजावलेला नाही.