बापाने दिला, मायने नाही

आषाढात मुर्री गावातल्या आमच्या घरून सालेकसाला निरोप गेला, "सदाले पाठवा, माय बोलावते." निरोप्या पोहोचलाही नसेल तोच अंथरुणाला खिळलेल्या मायने दोनदा विचारलं, "गाडी आली का गा?" आमच्या अंगणात रेल्वेची शिटी ऐकू येते. मायने ती जन्मभर ऐकली, पण त्या गाडीत ती कधी बसली नाही. सालेकसा तिला काशीपेक्षा लांब होतं...

सदाशिव माझा धाकटा भाऊ. पाच वर्षांचा असताना तो वडिलांच्या सालेकसाच्या चुलत भावाला दत्तक गेला. काकांना मूल नव्हतं, धानाची शेती होती, मोहफुलांचा व्यापार होता, आणि वडिलांना घरच्या माणसाला नाही म्हणणं जमत नसे. काका-काकू आम्हा दोघांना पाहून गेले नि निवड सदाची झाली. मी पुढे कितीतरी वर्षं पोरांत ऐट मारत फिरलो, की मायचा जीव माझ्यावर जास्त म्हणून मला ठेवलं. मिसरूड फुटल्यावर भटजींकडून कळलं, थोरला मुलगा देतच नाहीत. म्हणजे मला मायेने नव्हे, शास्त्राने ठेवलं होतं! शिवाय काकू म्हणाली होती म्हणे, "मोठा फुकट भेटला तरी नोको, लई खाते."

दत्तविधानाच्या दिवशी होमाच्या धुराने रडून रडून सदा काकूच्या मांडीवर झोपी गेला. भटजींनी सांगितलं तसं वडिलांनी हातावर पाणी सोडलं आणि म्हणाले, "दिला." भटजी मायकडे वळले, "तुम्हीही म्हणा बाई." मायने पदर तोंडात धरला. त्यांनी पुन्हा सांगितलं. ती बोलली नाही. "असू द्या, बापाने म्हटलं म्हणजे झालं," म्हणत त्यांनी पुढचा मंत्र धरला. आणि खरंच, झालं. मायच्या गप्प राहण्याने काहीएक अडलं नाही.

दत्तक गेला, दत्तक दिला, देऊन टाकला... लोक तिन्ही सारखंच बोलत. देऊन टाकतात ते विटलेलं लुगडं, पोचा आलेला दुधाचा गंज. विहिरीवर कुणी सहज विचारी, "तुमचा लहाना देऊन टाकला नं व बाई?" की मायचा दोर हातातच थांबे. "बापानं देल्ला. मीन नाही देल्ला." एवढं बोलून ती बादली ओढी. सदा लग्नाकार्याला येई तेव्हा पाया पडून तिला 'मोठी माय' म्हणे. नात्याने बरोबरच होतं ते. मोठ्या काकूला आमच्याकडे तसंच म्हणतात.

त्याचा लाकडी नंदी तेवढा इथे राहिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं आपापले लाकडी बैल ओढत दारोदार जातात. माय त्या दिवशी सदाचा नंदी धुऊन, जवसाचं तेल चोळून उंबरठ्याशी ठेवी. माझ्या नंदीचे मी कधीच तीन पाय करून ठेवले होते.

निरोप मिळताच सदा आला, सोबत काकूही आली. त्याने चमच्याने मायला पाणी पाजलं. ती म्हणाली, "बाबू, एक डाव माय म्हन." सदाने दाराकडे पाहिलं. दारात काकू उभी होती. मला वाटलं, आता ही तोंड फिरवणार. पण तीच रडत म्हणाली, "म्हन ना बाबू. माह्यी कायची मनाई?" सदाने तोंड उघडलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "मोठी माय..." एवढंच आलं. चाळीस वर्षांची जीभ ती, दुसरीकडे वळलीच नाही. "होय बाबू," माय म्हणाली आणि भिंतीकडे वळून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

अग्नी मी दिला. सदा पाहुण्यांच्या रांगेत उभा होता. सुतकही त्याला माझ्याहून थोडकंच. निघताना त्याने कोनाड्यातला नंदी उचलला, बोटाने चाक फिरवून पाहिलं.

"हा कोनाचा गा, दादा?"

'तुझा' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. बाहेरून काकूची हाक आली, "बाबू, चाल, गाडी सुटन."

"मायचा," मी म्हणालो.

त्याने तो जपून जागेवर ठेवला.

परवा तान्हा पोळा झाला. पिकल्या मिशांचा मी, नंदी मांडीवर घेऊन तेल चोळत बसलो होतो. शेजारीण हसली, "बाप्पा, आता तुमी जाता का बैल घेऊन?" मीही हसलो. पण चोळूनही तेल काही आत मुरेना. इतक्या वर्षांचं मायचं तेल पिऊन ते लाकूड भरलं होतं. माझं तेल वरच्यावर राहिलं, आणि थेंब थेंब उंबरठ्यावर गळत गेलं...