भैरवगढची भट्टी

विनोदिनी पोतनीस माधव नगरच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्र्याण्णव साली, आठ वर्षं वाट बघून, त्यांच्या घरी एकदाचा गॅस आला आणि त्याच महिन्यात बाई निर्धूर चुलीचं सरकारी ट्रेनिंग घेऊन आल्या.

त्यांचे यजमान जयंतराव बँकेतले. ते म्हणाले, "लोक चूल सोडून गॅसकडे चाललेत, आणि तू उलटी निघालीस!"

"अहो, गॅस आलाय किती घरी? अजून निम्मं जग लाकडं न् गोवऱ्यांवरच रांधतंय, असं वर्गात शिकवते मी. आपल्या गावाच्या वेशीवर जाऊन बघायला नको?"

रविवारी लूना काढून त्या वेशीवरच्या भैरवगढला, कापड छापणाऱ्यांच्या हिंदी बोलणाऱ्या वस्तीत, जाऊ लागल्या. तिथे मीनाबाई छापलेलं कापड रंगात उकळायची. दिवसभर भट्टीपुढे बसून तिचे डोळे कायम लाल. बाईंनी माती, भुसा, शेण कालवून तिला धुराड्याची नवी भट्टी बांधून दिली.

पेटवली मात्र, सगळा धूर उलटा अंगणात! माणसं खोकत पळाली. मीनाबाईची सासू ओरडली, "बहनजी, धुआँ तो आप पे रीझ गया!"

बाई सगळ्यांत जास्त हसल्या. मग उदबत्ती घेऊन छतावर चढल्या आणि तिचा धूर कुठे वळतो ते बघत बसल्या. शेजारची भिंत उंच होती. तिच्यावर आपटून वारा खाली येत होता. पुढच्या रविवारी त्यांनी धुराड्याला दोन पाइप आणखी जोडले.

या खेपेला धूर सरळ आभाळात गेला. दुपारपर्यंत कापड उकळून निघालं, लाल रंग झक्क चढला, आणि लाकडांचा ढीग जवळजवळ निम्मा तसाच! मीनाबाई चक्रावली. "बहनजी, लकड़ी बची कैसे? कुछ बिगड़ तो नहीं गया?"

मग काय, गल्लीतल्या प्रत्येकीला भट्टी हवी झाली. दोन वर्षांत चाळीसेक झाल्या. पाइप लूनावर आडवे बांधून स्वतः जयंतराव घेऊन यायचे, वाटेत भेटेल त्याला धुराड्याचं शास्त्र समजावत.

एका रविवारी बायकांनी दोघांना जेवायला बोलावलं. बेत दाल-बाफल्यांचा. अंगणात गोवऱ्यांचा ढीग धुमसत होता आणि त्यात बाफले, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, भाजत होते. बाईंनी चमकून बघितलं.

मीनाबाई म्हणाली, "बाफले तो कंडे में ही सिकेंगे, बहनजी. इसमें आपका पाइप नहीं चलेगा!"

बाईंनी धुराने चुरचुरणारे डोळे पदराने पुसले आणि तुपात बुडवलेला तिसरा बाफला मागून घेतला.