विंझरची गाठीची चोळी

भोरहून बैलगाडी सुटली तेव्हा मी मोठ्या थाटात होते. वेल्ह्याला सासूबाईंना त्यांची चार महिन्यांची नात पहिल्यांदाच दाखवायची होती. त्यासाठी पुण्याहून आणवलेली नकली रेशमाची बॉडी मी पोलक्याच्या आत चढवली होती. गुलाबी, घट्ट, पाठीला चार हूक. जाऊबाईंनी गुडघा टेकवून ते अडकवून दिले. हौसेला मोल नसतं!

नसरापूर मागे पडलं आणि वैशाखानं आपला इंगा दाखवला. घाम कापडाच्या आतच राहिला, काखेत कातडं सोलवटलं, दूध साठून छाती दगडासारखी झाली. बेबी भुकेनं रडू लागली. पुढे गाडीवान मामा, मागे उघडा रस्ता आणि हात काही पाठीशी पोचेना. पदराआड बॉडी ओढून जेमतेम जागा केली. पोरीनं दोनदा तोंड लावलं, दोनदा किंचाळून फिरवलं. मग ती एकदम गप्प झाली. ती रडत होती तोवर मी नुसती वैतागले होते. आता मात्र मी तिला हलवून हलवून हाका मारू लागले.

"मामा, कुठंतरी थांबा हो! पोर काहीच घेत नाही."

"विंजर आलंच की. हितं भागूबाई हाय, आमच्या वळखीची."

विंझरला भागूबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. सूप टाकून त्यांनी मला आत नेलं आणि पाठीला हात लावला.

"आगं बाय, पान्हा तुंबलाय तुजा. कसलं जखडून घेतलंयस ह्ये?"

पोलकं उतरवलं, पण घामानं बॉडीचे हूक निघेनात. त्यांनी विळा उचलला.

"मावशी, नवी आहे हो ती!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नवी लई मिळत्याल. पोर कुठनं आणशील?"

बॉडी टरकन फाटली. मी लाजेनं मेले आणि त्याच क्षणी जन्मात प्रथमच श्वास घेतल्यासारखं वाटलं. भागूबाईंनी ऊन पाण्यात बुडवलेल्या पटकुरानं (जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं) छाती शेकली, हलक्या हातानं दूध मोकळं केलं. मग पोरीला अंगावर घेतलं. ओढते की नाही या धास्तीनं मी डोळे मिटूनच बसले. थोड्या वेळानं घोट गिळल्याचा आवाज आला. मला रडू फुटलं.

मग त्यांनी आपली धुऊन मऊ झालेली चोळी माझ्या तोंडासमोर धरली. "फुक." फुंकर पल्याड त्यांच्या तळहाताला लागली. मग फाटकी बॉडी धरली, तिच्यातून काही जाईना. "जितनं वारं जात न्हाई, तितनं घाम कसा जायाचा? आन् गाठ म्होरं पायजे, पोराला कळ न्हाई निघत."

तीच चोळी घालून, सासूबाई काय म्हणतील या धाकधुकीत मी वेल्ह्यात उतरले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नात घेतली आणि विचारलं, "पोट भरलंय ना गं हिचं?"

आठ दिवसांनी भोरला परतताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. पुण्याहून बॉडी मागवताना मी रंग कळवला होता, घट्ट बसेल ना हेही विचारलं होतं. पोरीला पाजायचं कसं, एवढंच माझ्या मनात आलं नव्हतं. आणि विळा उचलला गेला तेव्हाही मी आधी वाचवायला गेले ती बॉडी.