नुसती सही

"आत्या, मला विमानतळावरून परत पाठवलं," निखिल शांघायहून फोनवर सांगत होता. "तिकीट, व्हिसा, सगळं बरोबर आहे. तरी म्हणतात, देश सोडता येणार नाही."

कारण मला लगेच कळलं.

निखिल म्हणजे आमचे शेजारी मनोहरराव मोहिते यांचा मुलगा. त्यांचा बडोद्याच्या मकरपुऱ्यात व्हॉल्व्हचा कारखाना. तीन वर्षांपूर्वी त्यांनी शांघायला छोटी कंपनी काढायचं ठरवलं, तेव्हा ते आमच्या झोपाळ्यावर येऊन बसले होते.

"ताई, तिथे एक लीगल रिप्रेझेंटेटिव्ह लागतो म्हणे. निखिलचं नाव घालू ने? सहीपुरतंच काम ने?"

मी जन्मभर चिनी कायदा शिकले, शिकवला. बडोद्यात त्याचं कोणाला काय! चायनीज म्हटलं की लोकांना मंचुरियन आठवतं. पहिल्यांदाच कोणीतरी मला माझ्या विषयातलं काही विचारत होतं. मी हुरळून गेले.

"घाला की. नुसती फॉर्मॅलिटी आहे."

चहा झाला, ते गेले. मी कंपनीचे कागद मागितले नाहीत. घरच्या माणसाकडे कागद कसले मागायचे?

चीनमध्ये प्रत्येक कंपनीला असा एक माणूस नेमावाच लागतो. कंपनीच्या वतीने जबाबदार तोच. कंपनीवर दावा झाला, तर तो निकाली निघेपर्यंत कोर्ट त्याला देशाबाहेर जाण्यापासून अडवू शकतं. निखिलच्या कंपनीवर एका गिऱ्हाइकाने खराब मालाचा दावा लावला होता. आणि इकडे मनोहररावांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता.

मी शांघायच्या एका ओळखीच्या वकिलाला फोन लावला.

"आता नाव बदललं तर?"

"उशीर झाला."

"वडील आजारी आहेत म्हणून सोडणार नाहीत?"

"अर्ज करतो. वेळ लागेल."

मी हॉस्पिटलमध्ये जाऊन मनोहररावांना सगळं सांगितलं. म्हणजे, जवळजवळ सगळं. त्यांनी माझा हात थोपटला. "जाऊ द्या ने, ताई. तुम्हाला तरी कुठे ठाऊक असणार!"

मला ठाऊक होतं. अशा माणसाला देशाबाहेर जाण्यापासून अडवतात, यावर मी एका लेखात अख्खं पान लिहिलं होतं. ते तिथेच त्यांना सांगायला हवं होतं. मी त्यांना मोसंबीचा रस दिला आणि घरी आले.

आठवड्याने ते गेले. अग्नी पुतण्याने दिला. निखिलला दिसावं म्हणून मोबाइल मी धरला होता. मी तो सारखा सरळ करत होते, तर तिकडून तोच म्हणाला, "आत्या, राहू द्या. दिसतंय मला."

दावा मिटून तो चार महिन्यांनी परतला. मी तो लेख त्याच्यापुढे ठेवला. ते पान त्याने दोनदा वाचलं.

"तुम्हाला ठाऊक होतं, हे बाबांना सांगितलं होतंत?"

"नाही."

त्याने लेख घडी करून मला परत दिला. चहा न घेता गेला.

आता झोपाळ्यावर बसून कोणी काही विचारलं, तर मी आधी कागद मागते. लोकांना तो शिष्टपणा वाटतो. मोहित्यांच्या घरून आता कोणी विचारायला येत नाही.