आज्जीच्या कमरेचा दोर

काथ्याच्या नव्या दोराचा वास आला, की माझे तळहात आजही घामेजतात.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाऊस दडी मारून बसला होता. चाकूरजवळच्या आमच्या गावात मी ऐटीत सांगत होतो, "आता जिल्हा आपला. टँकर आलाच समजा!"

आज्जी म्हणाली, "येईल तवा येईल. तू आडात उतर."

तळाशी डबकं उरलं होतं. वाटीनं घागर भरायची. कमरेला दोर बांधून मी कपारींत पाय रोवत उतरलो. दर पावलाला विचारायचो, "आज्जे, दोर धरलाय ना?"

"धरलाय रं, वाघा."

अर्ध्यावर उत्तरच आलं नाही. डोक्यावर माती पडली. म्हातारी घसरली की काय? देव आठवायला सवड नव्हती. तिलाच हाका मारत सुटलो.

"वरडू नगं! गाठ मारायलेय."

वर आलो, तर दोराचं दुसरं टोक तिच्या कमरेला.

"अगं, मी पडलो असतो तर?"

"मीबी आले असते. हात म्हातारे, कवाबी सुटतील. अन् तुला एकट्याला अंधारात भ्या वाटतं."

तिच्या अडाणीपणाला मी तेव्हा हसलो होतो. आता नातू गच्चीच्या कठड्यावरून वाकला, की माझा हात आधी स्वतःच्या कमरेकडे जातो.