गोल खळ्यावरचं टेनिस

हे सगळं मी मशीनवर बसून सरळ टाइप करून राह्यलो. खोडाखोड नाही, मधात थांबणं नाही, कारण का माझी बोटं डोक्याच्या पुढं पळतात. खरं म्हणजे हे जे झालं ते बी त्याच्यानंच झालं. मागच्या हिवाळ्यात माझ्या बोटांनी मले न विचारता एक शब्द टाइप केला, अन त्या एका शब्दापायी आमच्या काकाच्या खळ्यावर टेनिस आलं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मॅट्रिक झालो अन खामगावच्या टायपिंग क्लासात जाऊ लागलो. महाराष्ट्र झाला, सरकारी कारभार मराठीत होऊन राह्यला, आता मराठी टायपिस्ट पायजेत, असं जो तो म्हणे. घरी असं ठरलं होतं का संक्रांतीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर मशीन सोडायचं अन काकाच्या हाताखाली बैलांमागं लागायचं. बैलांशी माझं काही वैर नाही. पण मले त्या मशीनचा नादच लागला होता. ओळ संपली का टिंग वाजते ना, त्या टिंगसाठी मी सायकलवर तासभर पायडल मारत जाओ.

क्लासचे सर हात मोकळा कराले रोज एकच नमुन्याचा अर्ज देत. कोण्या न जन्मलेल्या उमेदवाराचा. मी अमुक गावचा राहणार, वय वर्षे वीस, प्रकृती निरोगी, खेळ: टेनिस. सरांनी तो नमुना कुठून आणला होता देवाले माहीत. मी रोज सकाळी तो तीन-तीन डाव हाणो. डोळे खिडकीतून जिनिंगकडे चाललेल्या कापसाच्या गाड्यांवर, अन बोटं आपली चालू. मंग बुलडाण्याच्या एका ऑफिसात टायपिस्टची जागा निघाली. मी खरा अर्ज टाइप केला. तो बी तसाच, गाड्या पाहत. नाव माझं, गाव माझं, वय माझं. खेळ: टेनिस.

मी टेनिस कधी पाह्यलं बी नव्हतं.

ऑफिसात परीक्षा झाली. टायपिंगात मी पहिला आलो, बाकीच्यांची अर्धी ओळ होये तोवर माझी घंटी दोनदा वाजे. साहेब खूष झाले अन अर्ज वाचाले लागले. आता हे साहेब पुण्याकडचे, बारीक, चष्मेवाले, अन टेनिसपायी पार येडे. त्या महिन्यात बँकॉकले आशियाई खेळ चालू होते. अख्ख्या जिल्ह्याले हॉकीची चिंता होती, कुस्तीची होती. टेनिसची चिंता या एकट्या माणसाले. रोज रेडिओले कान लावून बसत, तर हॉकी सांगून झाली का बातम्याच संपत, अन नाही संपल्या तर नेमकी टेनिसच्या टायमाले खरखर सुरू होये. त्यात क्लबच्या कोर्टावर त्यांच्यासंग खेळणारा इंजिनिअर बदली होऊन गेला होता. अशा माणसाच्या हातात माझा अर्ज.

साहेबांनी विचारलं, "टेनिस खेळता?"

मी हो म्हणलं. काऊन म्हणलं, ते मले बी आजपावेतो समजलं नाही. कागद टेबलावर होता, खाली माझी सही होती, अन टाइप केलेल्या कागदासमोर नाही म्हणाची जीभच होत नाही.

साहेब म्हणाले, "छान. येत्या रविवारी क्लबवर या. टायपिंग तर पाहिलंच. थोडं खेळू, मग ऑर्डरचं बोलू."

म्हणजे नोकरी अन माझ्या मधात फक्त आठ दिवस होते अन टेनिस होतं.

क्लासच्या सरांनी, चूक त्यांच्याच नमुन्याची म्हणून, मेव्हण्याची जुनी रॅकेट अन दोन चेंडू काढून दिले. तिच्या तारा तुटल्या होत्या. त्यांनी फळ्यावर चौकोन काढला, मधात जाळी काढली, चेंडू जाळीवरून तिकडं अन तिकडून इकडं, असं समजावून सांगतलं. पंधरा, तीस, मंग चाळीस काऊन, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी रॅकेट घेऊन गावात आलो तर निम्म्या लोकाईले वाटलं मी पिठाची चाळणी आणली.

आमचे काका घरातले मोठे. त्यांनी सगळं ऐकलं, हसले नाहीत, रॅकेट उलटीपालटी करून पाह्यली अन बाजेच्या सुतळीनं विणून दिली. अशी घट्ट का तिच्यावर म्हतारा माणूस झोपला असता. मंग सवाल आला जागेचा. आमच्याकडं काळी जमीन, उन्हानं भेगाळलेली, अन वावरात कापूस उभा. साऱ्या शिवारात गुळगुळीत, टणक, सपाट जागा म्हणाल तर एकच. खळं. ज्वारी नुकतीच सोंगून झाली होती, काकानं खळं ठोकून, शेणानं सारवून आरशासारखं केलं होतं. दिवसभर त्याच्यावर कणसं पसरून बैल फिरत. पण सकाळी बैल जुंपायच्या आधी तासभर खळं रिकामं राहे.

काका म्हणे, "जागा घे. पन चपला घालून खळ्यावर गेला तर टांगडं तोडीन. मेढ हालनार नाई. अन चेंडू मेढीले लागला तर हात जोडाचे. वरसाचं धान्य तिच्याभोवती फिरते बे."

मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ज्याले बैल बांधून गोल फिरवतात. तर आमचं कोर्ट असं झालं: मधात मेढ, मेढीच्या दोन्ही अंगाले बांधलेलं गोणपाट ही जाळी, अन खळं गोल म्हणून कोर्ट बी गोल. चारी बाजूले कडब्याच्या गंज्या. चेंडू गंजीत गेला का आऊट. सरांचा चौकोन मी काकाले सांगून पाह्यला, तर ते म्हणे, बैल कोपऱ्यात वळत नाई, तुह्या टेनिसचं मले सांगू नोको.

पहिल्या दिवशी समोर काका उभे राह्यले. ते चेंडूले बी बैलासारखं हाकलत, हात वर करून, तोंडानं आवाज काढत. चेंडू काही ऐके ना. तेवढ्यात काकू कपड्याचं गाठोडं घेऊन नाल्यावर चालली होती. ती उभी राहून पाहत राह्यली.

"काय माशा मारून राह्यले दोघं?" तिनं विचारलं.

गाठोडं ठेवलं, त्यातून धोपाटणं काढलं, तेच ते लाकडाचं, कपडे बडवायचं, अन पायातली चप्पल काढून खळ्यावर आली. मी चेंडू टाकला. मंग काय झालं ते मले दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. कानाजवळून काहीतरी गेलं अन मागच्या गंजीत फस्‌ झालं.

वीस वर्सं तिनं त्या धोपाटण्यानं घोंगड्या, वाकळी अन आमच्या साऱ्यांचे धोतरं सरळ केले होते. चेंडू म्हणजे तिच्यासाठी काहीच नाही. पुढचे सगळे दिवस तीच माझी मास्तर. मी रॅकेट अशी धरली का म्हणे, वल्लं लुगडं असं धरतात का रे, मनगट ढिलं सोड. मी चेंडू मेढीवर मारो अन मेढीले हात जोडो. परत मारो, परत जोडो. शनिवारपावेतो माझं टेनिस कमी अन पूजा जास्त झाली होती.

रविवारी एसटीनं घाट चढून बुलडाण्याले गेलो. क्लबचं कोर्ट पाह्यलं. त्याले कोपरे होते. एक नाही, चार.

साहेब पांढऱ्या कपड्यात तयार होते. मी कोर्टाच्या कडेले आलो, पाय आपोआप थांबले अन मी कॅनव्हासचे बूट काढून बाजूले ठेवले. साहेबांनी विचारलं, पायाला काही झालंय का. मी म्हणलं, नाही, सवय आहे. त्यांनी सुतळीच्या रॅकेटवर एक बोट फिरवून पाह्यलं. खेळ सुरू झाला. माझा पहिलाच चेंडू जाळीच्या मधोमध धडकला, अन मी रॅकेट काखेत दाबून हात जोडले. साहेबांले वाटलं ही काही खेळाडूंची रीत असल, म्हणून त्यांनी बी मान वाकवली. दुसरा धडकला, परत हात. मंग साहेबांनी एक चेंडू कोपऱ्यात टाकला. मी जागचा हाललो नाही. आमच्या हिशोबानं तिथं कडबा होता. मी समाधानानं म्हणलं, "आऊट."

"अहो, आत आहे."

त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात टाकला. ते बी आऊट. व्हरांड्यातल्या मंडळींनी चहाचे कप खाली ठेवले. पूर्ण खेळात मी एक पॉइंट घेतला, तो बी साहेबांले हसू आवरलं नाही म्हणून.

मंग ते बाकावर बसले, मले बसवलं अन विचारलं, "शिकलात कुठं?"

मी म्हणलं, "खळ्यावर." अन एकदा तोंड उघडलं तर सगळंच सांगून टाकलं. नमुन्याचा अर्ज, खिडकी, गाड्या, मेढ, काकू, धोपाटणं. माझं बोलणं बी टायपिंगसारखंच आहे, सुरू झालं का ओळ संपेपावेतो थांबत नाही. साहेबांचं हसू गेलं होतं.

ते म्हणाले, "अर्जातली एक गोष्ट खोटी निघाली. आता हे गोल कोर्ट आणि धोपाटणं घेऊन खेळणाऱ्या काकू, हेही कुठल्या नमुन्यातलं नाही कशावरून? पुढच्या रविवारी मी स्वतः येतो. खरं निघालं तर आठ दिवसांत एवढं शिकलात असं समजेन आणि ऑर्डर देईन. नाहीतर तुम्ही आणि तुमचे बैल."

घरी आलो तर नवीनच पंचाईत. खळं दोन दिवसांत उरकणार होतं. कणसं मळून झाली का ज्वारीची रास लावतात, अन रास लागली का मंग तिथं खेळणं सोडा, कोणी मोठ्यानं बोलत बी नाही. मेढ बी उपटून ठेवतात. रविवारपावेतो खळं राहणारच नव्हतं. मी काकाले सांगतलं, पण तोंड वर करून नाही. नोकरी गेली असती तर फायदा काकाचाच होता, त्यांना बैलामागं माणूस पायजेच होतं. शुक्रवारी पाह्यलं तर सगळी ज्वारी मळून झाली होती, फक्त एक गाडीभर कणसं बाजूले ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. गडी विचारे, मालक हे राह्यलं. काका म्हणे, राहू दे. खळं चालू हाये.

रविवारी साहेब जीपनं आले. हातात रॅकेट, खांद्यावर ट्रान्झिस्टर, कारण का बँकॉकचे खेळ संपत आले होते अन टेनिसचा निकाल त्यांना अजून समजला नव्हता. सारं गाव कडब्याच्या गंज्यांवर चढून बसलं होतं. साहेब खळ्याच्या कडेले आले. काकानं हात जोडले अन मंग शांतपणे साहेबांच्या बुटाकडे पाह्यलं. पाहतच राह्यले. साहेबांनी बूट काढले. काका मोज्याकडे पाहू लागले. मोजे बी निघाले.

काकूले आधी लाज वाटून राह्यली होती, ती एका गंजीआड उभी होती. मंग आली, पदर खोचला अन म्हणाली, "लवकर करा सायेब. मले कपडे धुवाले जाचं हाये."

साहेबांनी पहिलाच चेंडू असा देखणा टाकला का विचारू नका. डाव्या हाताले, दूर, कोपऱ्यात. म्हणजे कोपरा असता तर कोपऱ्यात. तो गंजीत गेला अन साऱ्या गावानं एका आवाजात आऊट म्हणलं. दुसरा बी गंजीत. साहेब कमरेवर हात ठेवून खळ्याची कड पाहत राह्यले. आयुष्यभर त्यांनी कोपरे मारले होते, अन इथं माराले कोपराच नव्हता. इकडं काकूचा चेंडू येई तो सरळ छातीवर, घोंगडी बडवल्यासारखा. साहेब अनवाणी पायानं सारवलेल्या खळ्यावर एकदा घसरले, उठले, चष्मा पुसला. हसत होते.

मंग त्यांचा एक चेंडू मेढीले लागला.

चेंडू घरंगळत काकूच्या पायाशी आला, पण तिनं उचलला नाही. धोपाटणं खाली करून उभी राह्यली. साहेबांले काही समजे ना. मी इकडं साहेबांच्या खिशाकडं पाहून राह्यलो, कारण का त्यात माझी ऑर्डर होती.

"हात जोडा सायेब," काकू म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडं पाह्यलं. त्यांना आता क्लबमधल्या माझ्या नमस्काराची आठवण झाली असल, कारण का त्यांचा चेहराच बदलला. रॅकेट काखेत दाबली अन दोन्ही हात जोडून मेढीपुढं मान वाकवली. तेव्हा काकूनं चेंडू उचलला.

खेळ किती चालला, कोण जिंकलं, हे मी सांगत नाही, साहेब हे वाचतील. पण काकू दमली नव्हती. शेवटी साहेब गंजीले टेकून बसले, पाणी प्याले, अन खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. बुधवारी रुजू व्हा म्हणाले. मी तो कागद वाचला बी नाही, आधी कसा टाइप केला ते पाह्यलं. ओळी वाकड्या होत्या. त्यांना माणूस पायजेच होता.

अन मंग साहेबांले एकदम ट्रान्झिस्टरची आठवण झाली. तो कडब्यावर ठेवला होता, चालूच होता, खरखर बिलकुल नाही, आवाज काचेसारखा साफ. आता त्याच्यावर भजन चालू होतं. साहेबांनी काकाले विचारलं का टेनिसचं काही सांगतलं काय.

काका म्हणे, "हो तर. लय येळ सांगून राह्यले होते. टेनिस, टेनिसच म्हणत होते."

"मग कोण जिंकलं?"

काकानं डोक्यावरचं पागोटं सारखं केलं. "ते नाई आयकलं. आमी हिच्याकडं पाहून राह्यलो होतो."

साहेब बूट शोधाले लागले. काकानं गड्याले ताडपत्री काढाले सांगतलं, ती राह्यलेली कणसं खळ्यावर पडली अन बैल जुंपले. काकूनं धोपाटणं गाठोड्यात खोचलं अन नाल्याकडे निघाली. साहेबांनी एक पाय बुटात अन एक बाहेर, अशा अवस्थेत तिले हाक मारली, पुढच्या वर्षी परत खेळायचं का म्हणून.

ती चालता चालता म्हणाली, "ज्वारी पिकली तर."