किटलीचा फोटो

इना ड्रेव्हरला माणसांची नावं आठवत नसत, सीलची मात्र तोंडपाठ. ऑर्कनीच्या त्या चिमुकल्या बेटावर सतरा वर्षं बाईचा एकच उद्योग. हिवाळ्याच्या तोंडाला माद्या वाळूवर व्यायला आल्या की खडकाआड पालथं पडायचं, वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येतोय ना बघायचं आणि फोटो काढायचे. प्रत्येकीच्या मानेवरचे डाग वेगळे. एकीच्या मानेवर तर चक्क किटली, तोटीसकट! तिचं नावच किटली.

सीलचे फोटो काढणाऱ्यांचा एक कडक नेम असतो. फोटोत फक्त मान घ्यायची, मागचं काही दिसता कामा नये. जागा कळली की माणसं लोटतात.

सतरा वर्षं पाळलेला हा नेम इनानं यंदा मोडला. किटली तीन वर्षं फिरकली नव्हती. मेली असंच इनानं धरलं होतं. ती आली, आणि पोटाशी पांढरंशुभ्र पिल्लू! बाईला राहवलं नाही. मायलेकरं आणि मागची पडकी पवनचक्की, सगळं एका फोटोत घेतलं.

दुकानवाली जेसी म्हणाली, "अगं, कपाटात कुजवतेस कशाला? माझ्या भिंतीवर लाव. लोकांना कळू दे, तू नुसती चिखलात लोळत नाहीस ते!"

हुरळली बाई. लावला.

पवनचक्की बेटावर एकच, जागा ओळखायला कितीसा वेळ! रविवारी बाराजण थर्मास घेऊन निघाले, वर कुत्रं! सगळे टेकाडावर उभे राहिले तशा माद्या धडाधड पाण्यात पळाल्या. किटलीही गेली.

पिल्लाला अजून पोहता येत नव्हतं, ते वाळूवरच ओरडत राहिलं. इना लांबून कॅमेऱ्याच्या भिंगातून बघत होती. जवळ जायची सोय नाही, माणूस दिसला तर परतणारी आईही फिरेल. सील वाचवणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, "समुद्र खवळलाय, बोट निघत नाही. वाट बघा."

तिनं चार दिवस वाट बघितली. पिल्लाची कातडी सैल पडत गेली. पाचव्या दिवशी ओरडणं थांबलं.

"मीच मारलं गं तुझं लेकरू," इना पाण्याकडे बघून म्हणाली आणि फोटो उतरवायला तडक दुकानात गेली. भिंत रिकामी होती.

"तुझा फोटो उचलून नेला की कुणी मेल्यानं!" जेसी म्हणाली. "सगळ्यांना हवाय तो. तोंड काय पाडतेस? दुसरा काढ!"

"कुणाचा काढू, जेसी?"